चारशे मीटर

मी माणसांचे दिवस वाचायचे.
तळहाताएवढी कागदी चकती, वर मेणाचा थर,
कडेने छापलेले तास, आणि गाडीत बसवलेली एक सुई
रात्रंदिवस ओरखडत राहणारी.
चिन्हं चारच:
चाक म्हणजे गाडी चालवतो आहे,
दोन हातोडे म्हणजे दुसरं काही काम,
तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे नुसतं वाट बघणं,
आणि पलंग.

साडेचार तास चाक, मग पाऊण तास थांबा.
हवं तर आधी पंधरा मिनिटं, नंतर तीस.
उलटं चालत नाही.
रात्री अकरा तास, सलग.
प्रशिक्षणात मास्तरांनी फळ्यावर
'सलग'खाली दोनदा रेघ ओढली,
दुसऱ्यांदा खडू मोडला.

विंको ह्रास्तनिकला मी थांबवलं ट्रोयानेच्या चढाखाली.
मार्च. रस्त्याकडेला काळं पडलेलं बर्फ.
मागे मारिबोरला जायची बावीस टन फरशी.
चकती स्वच्छ, हस्ताक्षर शाळकरी मुलीसारखं.
फक्त पलंगाच्या रेघेत, तीन वाजून दहा मिनिटांनी,
केसाएवढं एक टोक वर आलेलं.
भिंग लावलं.
चारशे मीटर.

"दार बडवलं कुणीतरी," तो म्हणाला.
"डिझेलचा टँकर आत येईना, माझी गाडी आडवी होती.
अंगात स्वेटर, खाली नुसती चड्डी,
तसाच बसलो, गाडी सरळ केली, मी आडवा झालो.
झोपेचं खोबरं झालंच होतं बाई,
आता तुम्ही पैसेही घ्या."

सहा तास दहा मिनिटं.
मग चार तास पन्नास.
बेरीज बरोबर अकरा.
पण कायद्याला बेरीज येत नाही,
त्याला फक्त मोजायला येतं, एका दमात.
मी पावती फाडली.
त्याने कागदी पिशवीतून डोनट काढला,
ट्रोयानेचा, जर्दाळूच्या मुरंब्याचा, ताटलीएवढा,
आणि माझ्यासमोर उभ्याने संपवला.
त्याने विचारलं नाही, मीही नजर हलवली नाही.
मिशीला साखर लागली होती, ते मात्र सांगायला हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये एक चकती प्लास्टिकच्या पिशवीतून आली.
लेबलवर नाव ब्लागोवेस्त, वय एकतीस.
चौदा तास चाक.
मध्ये एकदा आठ मिनिटं, बहुधा लघवीला.
मग शहाऐंशीवरून रेघ थेट शून्यावर,
भिंतीवरून उडी मारावी तशी.
ब्रेक दाबणाऱ्याची रेघ उतरते,
तिला उतार असतो, थोडा का होईना.
इथे उतार नव्हता.
खिशात दुसऱ्याच्या नावाची एक चकती सापडली,
तिच्यावर जो माणूस रात्रभर गाडी हाकत होता
तो त्या आठवड्यात प्लोवदिवला
बहिणीच्या लग्नात नाचत होता.

लोक विचारतात तेव्हा मी आधी ब्लागोवेस्तचं सांगते,
मग विंकोचं.
म्हणजे पावती बरोबर वाटते.
पण घडलं ते उलट.
विंकोसमोर उभी होते तेव्हा
माझ्याकडे कुणी मेलेला नव्हता,
फक्त भिंग होतं.

आता चकत्या गेल्या. कार्ड आलं, वर उपग्रह.
माझ्या जागी आलेली तान्या म्हणते,
गाडी शेजारून जाताना कळतं कोण किती दमलाय.
मी म्हटलं, दमलेला कळत नाही गं,
थांबलेला कळतो.
तिने हे लिहून घेतलं नाही.

निवृत्त झाल्यापासून मला जाग येते,
तीनच्या पुढेमागे.
दार कुणी बडवत नाही.
स्वयंपाकघर अकरा पावलांवर, नळ, पेला,
काचेपलीकडे शेजाऱ्याचं झाकलेलं सरपण.
परत येऊन आडवी होते.
पुढची झोप मागच्या झोपेला
जोडून धरायची की नाही, हे ठरवत पडून राहते,
तोवर खालच्या वळणावर
कुणीतरी गिअर बदलतो.